तेल वाढवलं, एनर्जी पावडर टाकली, तरी ब्रॉयलर वजन धरत नाही: पावसाळी लॉटमध्ये नेमकं काय तपासायचं

शहापूर, मुरबाड, पडघा, वांगणी या पट्ट्यातल्या शेडमधून दर पावसाळ्यात तीच तक्रार येते. लॉट, म्हणजे एकदम टाकलेली पिल्लांची खेप, तीन आठवडे ओलांडतो आणि वजन अडकतं. पक्षी खाद्य तर खातोय, पण लिटर (शेडमधला तुसाचा थर) ओलं, विष्ठा पिवळसर आणि चिकट, पिसं मळकट. सुपरवायझर किंवा दुकानदार सांगतो, "एनर्जी कमी पडतेय, तेल अर्धा टक्का वाढवा." तेल वाढतं. मग टनामागे एखादी एनर्जी पावडर, मग पाण्यातून लिव्हर टॉनिक. खर्च वाढतो, एफसीआर, म्हणजे किलो वजनामागे लागणारं खाद्य, १.६ वरून १.७५ च्या पुढे सरकतो आणि पुढच्या लॉटला हेच सगळं पुन्हा होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: खाद्यात किती ऊर्जा घातली हा प्रश्न दुसरा, घातलेली किती पचतेय हा पहिला. आधीचंच तेल पचत नसेल तर वाढवलेलं तेलही त्याच वाटेने लिटरमध्ये जाणार. म्हणून तेलाचा आकडा बदलण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा.

हा पचनाचा प्रश्न नाहीच, असं कधी समजायचं

अचानक मर वाढली असेल, पक्षी पटापट माना टाकत असतील, तुरे निळसर पडले असतील, तर पुढचं काही वाचत बसू नका. पक्षी स्वतः फाडून बघू नका, मेलेले पक्षी शेडबाहेर फेकू नका. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता. आपला भाग त्यातून गेलेला आहे, त्यामुळे इथे भीड नको आणि उशीरही नको.

दुसरी गोष्ट बाजाराची. ठाणे, कल्याण, नवी मुंबईचा गटारीचा बाजार धरून पुष्कळ जण पिल्लं टाकतात. लॉट थोडा मागे पडला आणि श्रावण लागला की उचल थंडावते, पक्षी शेडमध्येच थांबतात. अडीच किलोच्या पुढच्या पक्ष्याचं बरंचसं खाद्य नुसतं शरीर चालवण्यात जातं आणि अंगावर जे चढतं त्यात चरबी जास्त असते. एफसीआर बिघडणारच. त्याचा दोष खाद्यावर टाकून तेल वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोन लॉटची तुलना करायची तर सारख्या वजनावर करा, सेटलमेंटच्या, म्हणजे कंपनीशी होणाऱ्या हिशोबाच्या, कागदावरच्या शेवटच्या आकड्यावर नको.

पाय, विष्ठा आणि एक खाकी कागद

पहिली तपासणी फुकटची आहे. शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून काही पक्षी उचला आणि पायाच्या नळ्या उजेडात बघा. मक्यातला पिवळा रंग चरबीत विरघळणारा असतो, चरबीबरोबरच तो शोषला जातो. मका भरपूर असलेल्या खाद्यावर वाढलेल्या पक्ष्याचे पाय पांढुरके असतील तर चरबी शोषली जात नसल्याची ती खूण आहे. त्याच वाटेने जाणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही मग वाया जात असतात. एक अपवाद लक्षात ठेवा: आपल्याकडे भाताची कणी स्वस्त मिळाली की मक्याच्या जागी घालतात. कणीत हा रंग नसतो, तेव्हा पाय फिके दिसले तरी घाबरायचं कारण नाही.

मग विष्ठा. पक्षी दिवसातून काही वेळा गडद तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठा टाकतो. ती आंधळ्या आतड्यातली, नेहमीची. तिला जुलाब समजून औषध सुरू करू नका. बघायची ती दुसरी, जिच्यावर पांढरी टोपी असते. तिच्यात मक्याचे पिवळे कण जसेच्या तसे दिसतात का, नारिंगी शेंबडासारखा चिकटा आहे का, भोवती पाण्याची कडी पसरते का? ताजी विष्ठा खाकी कागदावर पातळ पसरवा, पूर्ण वाळू द्या, खरवडून काढा आणि कागद उजेडासमोर धरा. पाण्याचा डाग उडून जातो, तेलाचा राहतो आणि त्यातून उजेड आरपार दिसतो. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण चांगल्या चालणाऱ्या शेडमधली विष्ठा शेजारी त्याच कागदावर लावलीत तर फरक डोळ्यांनी दिसतो.

मर नेहमीसारखी असेल आणि डॉक्टर सोबत असतील, तर एक-दोन ताजे पक्षी उघडून बघा. कलेजी लालसर तपकिरी आणि घट्ट आहे, की पिवळट, फुगलेली आणि बोटाने दाबताच फुटणारी? आतड्याच्या पहिल्या वळणात बाहेरूनच आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात का? मधला भाग फुग्यासारखा फुगून आत नारिंगी चिकटा भरलाय का? आणि पेठा, म्हणजे दाणा भरडणारी पिशवी, कापून बघा, तो जाड स्नायूंचा आहे की पातळ, लुळा? या चारही खुणा पुढे कामाला येतील.

तेल पोटात गेल्यावर काय होतं

तेलकट ताट नुसत्या पाण्याने धुवून निघत नाही, साबण लागतो. पक्ष्याच्या आतड्यात साबणाचं काम पित्त करतं. ते तेलाचे बारीक थेंब करतं, मग स्वादुपिंडाचं लायपेज, म्हणजे चरबी तोडणारं विकर (एन्झाइम), त्या थेंबांवर काम करतं, आणि तुटलेली चरबी मुख्यतः आतड्याच्या मधल्या भागात शोषली जाते. पक्ष्यांमध्ये ही चरबी लसिकावाहिन्यांतून न जाता थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळते. त्यामुळे खाद्यातल्या खवट तेलाचा आणि बुरशीच्या विषाचा पहिला मारा कलेजीवर बसतो, आणि कलेजी थकली की पित्तही कमी पडतं. हे चक्र एकदा फिरू लागलं की वरून कितीही तेल ओता, ते सुटत नाही.

पहिल्या दहा दिवसांत पिल्लाचं पित्त आणि लायपेज दोन्ही तोकडं असतं. सोयाबीन तेलात बहुतांश असंतृप्त स्निग्धाम्लं असतात, ती पिल्लाला त्यातल्या त्यात बरी पचतात. पाम तेलात पामिटिक आम्ल चाळीस टक्क्यांच्या वर असतं, ते लहान पिल्लाला जड जातं. तेच पाम तेल तीन आठवड्यांच्या पुढे बऱ्यापैकी चालतं, आणि सोयाबीन तेलात मिसळून दिलं तर आणखी बरं. भाव बघून प्री-स्टार्टरमध्येच (पिल्लांच्या पहिल्या खाद्यात) पाम किंवा अॅसिड ऑइल (तेल शुद्ध करताना उरणारं) घालणं ही सगळ्यात महागात पडणारी बचत आहे. ज्या तेलात मोकळी स्निग्धाम्लं जास्त, ते तेल सगळ्याच वयात कमी पचतं.

पिल्लं आल्या दिवशी ब्रूडिंग (पिल्लांना ऊब देण्याची सोय) कसं आहे यावरही हे अवलंबून असतं. जुलैच्या झडीत पडद्याच्या फटीतून वारा येतो, तूस गार पडतो आणि पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होतात. गारठलेलं पिल्लू खात नाही आणि न खाणाऱ्या पिल्लाचं आतडं वाढत नाही. पहिल्या दिवसांत पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३३ अंश तापमान ठेवा. पिल्लं आल्यावर गुळाचं पाणी द्यायला हरकत नाही, पण ते पहिल्या काही तासांपुरतं. खरी ऊर्जा त्या वेळी पोटातल्या बलकातून आणि पहिल्या घासातून येते. संध्याकाळी पिल्लांची अन्नपिशवी हाताने चाचपा. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे.

ड्रमचं झाकण उघडा

सरळगावच्या बाजूला एका शेडवर हाच त्रास होता. फॉर्म्युला कागदावर ठीक, तेल भरपूर, वर इमल्सिफायरही, म्हणजे पित्तासारखे तेलाचे बारीक थेंब करणारा पदार्थ. तेलाचा ड्रम पत्र्याच्या पडवीत, दुपारचं ऊन थेट येईल असा, झाकण अर्धवट लावलेलं. झाकण काढलं तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. काठीने ढवळलं तर तळाला पाणी आणि काळपट गाळ. खात्रीचा म्हणून एका व्यापाऱ्याने दिलेला तो माल होता. तपासणीत पेरॉक्साइड, म्हणजे खवटपणाचं माप, चांगल्या तेलाच्या मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. त्या तेलात कितीही पित्तक्षार घातले असते तरी उपयोग नव्हता, कारण खवट तेल नुसतं कमी ऊर्जा देतं असं नाही, तर खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं आणि आतड्याच्या आतल्या थरालाही दुखवतं.

ताज्या, चांगल्या तेलाचं पेरॉक्साइड किलोमागे ५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असतं. २० च्या वर गेलेलं तेल खाद्यात घालू नये. दर खेपेला पाणी, गाळ आणि मोकळ्या स्निग्धाम्लांची तपासणी मागा. बिल देणारा व्यापारी रिपोर्टही देऊ शकतो. ड्रम सावलीत, झाकण घट्ट, जुन्या तेलावर नवीन तेल ओतायचं नाही. खाद्यात अँटिऑक्सिडंट आहे का ते विचारा, पण आधीच खवटलेलं तेल त्याने पुन्हा चांगलं होत नाही हेही ध्यानात ठेवा.

आणि एक स्पष्टच सांगतो. ठाणे-नवी मुंबईतल्या हॉटेलांच्या कढयांतलं जळकं तेल 'पोल्ट्रीचं तेल' म्हणून फिरतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणीच्या तेलात एकूण पोलर घटकांची (तळताना तेल बिघडून होणाऱ्या) मर्यादा २५ टक्के केली आहे आणि असं तेल बायोडिझेलकडे वळवायची मोहीमही त्याच वर्षी सुरू केली. माणसाच्या कढईतून बाद झालेलं तेल कोंबडीच्या खाद्यातून पुन्हा माणसाच्याच ताटात आणणं चूक आहे, भाव कितीही पडता असो.

मका: ऊर्जेची सगळ्यात मोठी गळती इथेच असते

सगळे तेलाबद्दल बोलतात, पण खाद्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा मक्याची असते. हिशोब करून बघा. १२ टक्के ओलाव्याच्या मक्यात किलोला साधारण ३,३५० किलोकॅलरी धरतात. तोच मका १६ टक्के ओला आला तर त्यात कोरडा भाग कमी, म्हणून ऊर्जा सुमारे ३,२०० वर येते. खाद्यात मका ६० टक्के असेल तर किलो खाद्यामागे ९० किलोकॅलरी तिथेच गेल्या. आता तेलाकडून बघू. एक टक्का तेल वाढवलं म्हणजे टनात १० किलो तेल आलं आणि १० किलो मका बाहेर गेला. तेलाच्या सुमारे ८८,००० मधून मक्याच्या ३३,५०० वजा करा. किलो खाद्यामागे निव्वळ वाढ ५५ च्या आसपास. म्हणजे नुसत्या ओल्या मक्याचं नुकसान भरून काढायला दीड टक्क्याहून जास्त तेल लागेल. त्यापेक्षा ओलावा मोजायचं मीटर स्वस्त पडतं. माल वाशीच्या दाणा बाजारातून येवो की थेट गावावरून, वजनकाट्याआधी ओलावा बघा.

ओला मका म्हणजे फक्त पाणी नव्हे, बुरशीही. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने लायपेज आणि पित्त दोन्ही घटतं, कलेजी पिवळी पडते, पाय पांढुरके होतात आणि विष्ठा तेलकट होते. वर सांगितलेल्या खुणा एकत्र दिसल्या तर माझा पहिला संशय इथेच जातो. ब्रॉयलर खाद्याच्या आयएस १३७४ या भारतीय मानकात अफ्लाटॉक्सिन बी१ ची कमाल मर्यादा २० पीपीबी (अब्जात २० भाग) आहे. इथेनॉलकडे मका वळल्यापासून मक्याचा भाव चढला आणि बाजारात डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला धान्याचा चोथा, मुबलक आलं. ते स्वस्त आहे, पण स्टार्च निघून गेल्याने मूळ धान्यातलं विष त्यात सुमारे तिपटीने दाटतं. मका तपासला आणि डीडीजीएस तपासलं नाही, तर अर्धंच काम झालं. टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारा पदार्थ) घालत असाल तर घाला, पण त्याच्या भरवशावर काळवंडलेला मका घेऊ नका.

साठवण साधी आहे. पोती भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळ्या हव्यात. हॉपर आणि फीड बिनच्या कोपऱ्यात चिकटलेल्या खाद्याच्या वड्या दर लॉटला खरवडून काढा. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

ओलं लिटर: कारण की परिणाम?

दोन्ही. न पचलेलं खाद्य आतड्यात पाणी ओढतं आणि विष्ठा पातळ होते. ओल्या तुसात कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची अंडी पिकतात आणि त्याने आतड्याचा शोषणारा थरच खराब होतो. पहिल्या वळणातल्या आडव्या पांढऱ्या रेघा म्हणजे आयमेरिया अॅसर्व्हुलिना ही कॉक्सिडियाची जात. मधला भाग फुगलेला आणि नारिंगी चिकटा म्हणजे बहुधा मॅक्सिमा. हा मधला भाग म्हणजे नेमका चरबी शोषणारा. हे दिसत असताना तेल वाढवणं निरर्थक आहे. न पचलेलं अन्न पुढे जाऊन क्लॉस्ट्रिडियम या जंतूंना खुराक मिळतो तो वेगळाच.

अशा वेळी मनानेच अँटिबायोटिक सुरू करू नका. कोलिस्टिन तर २०१९ पासून अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत आणि कोंबड्यांत बंदच आहे. डॉक्टरांकडून कॉक्सीचं निदान आणि औषध घ्या, खाद्यातलं कॉक्सिडिओस्टॅट (कॉक्सी रोखणारं औषध) वेळोवेळी बदलतंय का विचारा, पाण्याचे निप्पल गळतायत का बघा, तूस रोज सकाळी परता, वड्या झालेला भाग काढून कोरडा तूस घाला. पावसाळ्यात पडदे पूर्ण बंद करून शेड गरम ठेवायचा मोह होतो. त्याने अमोनिया आणि ओल दोन्ही आतच कोंडतात. वरून हवा खेळती राहिली पाहिजे.

पायात कमजोरी दिसली की पाण्यातून कॅल्शियमचं टॉनिक देतात. पाय कमजोर असायचं कारण पुष्कळदा असं असतं की चरबी न शोषल्याने डी जीवनसत्त्वच शोषलं गेलेलं नसतं. आता जास्तीचं कॅल्शियम आतड्यात पामसारख्या तेलातल्या संतृप्त स्निग्धाम्लांना धरतं, त्याचा न विरघळणारा साबण होतो आणि तेल व कॅल्शियम दोन्ही विष्ठेत जातात. आगीतून फुफाट्यात. आधी चरबीची वाट मोकळी करा.

एनर्जी पावडर, इमल्सिफायर, लिव्हर टॉनिक: पिशवीवरचा दावा हिशोबाला लावा

दावा असा असतो: "टनाला अर्धा किलो घाला, १०० किलोकॅलरी मिळवा." किलो खाद्यामागे १०० म्हणजे टनामागे एक लाख किलोकॅलरी. अर्धा किलो शुद्ध तेल जाळलं तरी ४,७०० च्या वर निघत नाहीत. म्हणजे पावडरीत ती ऊर्जा नाही. ती आली तर तुमच्याच खाद्यातल्या, आधी वाया जाणाऱ्या तेलातून यायला हवी. मग तेवढं तेल वाया जात होतं का?

खाद्यात ३ टक्के वरून घातलेलं तेल आणि ३ टक्के मका-सोयातलं नैसर्गिक तेल धरा. टनात ६० किलो झालं. पचनाचं प्रमाण ५ टक्के गुणांनी सुधारलं, तर ३ किलो तेल जास्त पचलं. ३ गुणिले ९,४०० म्हणजे टनाला २८,००० किलोकॅलरी, किलो खाद्यामागे २८. हे काही थोडकं नाही, पण १०० ही नाही. १०० हवं असेल तर १०-११ किलो तेल आधी विष्ठेत जात असलं पाहिजे. म्हणजे सहा किलोतलं एक किलो तेल! तशी गळती असेल तर पावडर घालण्याआधी ती का आहे ते बघायला हवं.

तरीही मी इमल्सिफायरच्या विरोधात नाही. योग्य जागी ते खरंच काम करतं. पहिल्या दोन आठवड्यांत पित्त कमी असतं तेव्हा, आणि पाम किंवा मिश्र तेल वापरायची वेळ येते तेव्हा, लायसोलेसिथिन (लेसिथिनचं बदललेलं रूप) किंवा पित्ताम्लांचा उपयोग दिसतो. पक्षी खाद्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पितो, आतड्यात पाणीच जास्त असतं, त्यामुळे पाण्याकडे ओढा असलेलं इमल्सिफायर हवं. साधं सोया लेसिथिन तेलाकडे जास्त झुकतं, म्हणून त्याचं लायसो रूप जास्त परिणामकारक ठरतं. लेसिथिन स्वतःही ऊर्जा देतं, तेव्हा ते किलोत घालत असाल तर तेलाच्या हिशोबात धरा. चांगलं सोयाबीन तेल, तेही कमी प्रमाणात, मोठ्या पक्ष्याला देत असाल तर इमल्सिफायरला करायला फारसं काम उरत नाही.

आणि एक साधी चूक टाळा: इमल्सिफायर वापरून तेल कमी करायचं आणि कंपनीने सांगितलेला पूर्ण आकडा फॉर्म्युल्यात ऊर्जा म्हणून धरायचा. निम्माच धरा, निकाल बघा, मग पुढचं ठरवा.

झायलानेज, मॅनानेज ही विकरं म्हणजे ऊर्जेचं दुसरं दार. गहू किंवा राइस पॉलिश जास्त असेल तर झायलानेज, गवार कोरमा (गवारीच्या बियांतून डिंक काढून उरलेला भाग) असेल तर मॅनानेज. हे घटक आतड्यातला रस चिकट करतात आणि त्या चिकटपणात सगळ्यात आधी संतृप्त चरबीच अडकते. नुसत्या मका-सोयाच्या खाद्यात मात्र झायलानेजकडून चमत्काराची अपेक्षा नको. पेलेट मशीनमधून जाणारं विकर उष्णता सोसतं का, हे विकणाऱ्याला विचारल्याशिवाय घेऊ नका.

तेल वाढलं की बाकीचं पातळ होतं

समजा तेल उत्तम आहे आणि पचतंही आहे. तरी वजन येत नाही, उलट पोटात पिवळ्या चरबीचा गोळा. पक्षी काही अंशी ऊर्जेच्या हिशोबाने खातो. ऊर्जा वाढली की घास कमी होतो, आणि घासाबरोबर प्रथिनं, लायसिन, मेथिओनिन ही अमिनो आम्लं, खनिजं सगळंच कमी जातं. आयएस १३७४ मध्ये प्री-स्टार्टरला ३,००० किलोकॅलरीला २३ टक्के प्रथिनं, स्टार्टरला ३,१०० ला २२ आणि फिनिशरला ३,२०० ला २० अशी जोडी दिली आहे. आजच्या जाती अमिनो आम्लांच्या हिशोबाने जास्त मागतात, पण जोडीचं तत्त्व तेच. एका बाजूला हात लावला की दुसऱ्या बाजूलाही लावावा लागतो. मिक्सरमध्ये वरून तेलाचा डबा ओतून हे साधत नाही.

उन्हाळ्यात मात्र तेलाची बाजू मी घेईन. एप्रिल-मे मध्ये मुरबाडच्या पत्र्याखाली पक्षी धापा टाकत असतो, खाणं कमी होतं. तेल पचवताना शरीरात उष्णता कमी तयार होते, त्यामुळे तेवढीच ऊर्जा तेलातून दिलेली पक्ष्याला सोसते. तेव्हा तेल वाढवा आणि अमिनो आम्लं त्या प्रमाणात घट्ट करा.

पेठ्याबद्दल दोनच वाक्यं. पिठासारखं बारीक दळलेलं खाद्य पेठ्याला काम देत नाही, तो लुळा राहतो. दळताना थोडी भरड ठेवली की पेठा जाड होतो, अन्न तिथे जास्त वेळ थांबतं आणि आतड्यातून मागे ढकललेल्या पित्तात घुसळून निघतं. हे इमल्सिफायर फुकट मिळतं, फक्त हॅमर मिलची जाळी बदलावी लागते.

खरंच फरक पडला का, हे कसं ठरवायचं

मागच्या लॉटशी तुलना करून काहीच कळत नाही. हवा वेगळी, पिल्लं वेगळी, मका वेगळा. एकाच शेडमध्ये, एकाच दिवशीच्या पिल्लांत, मध्ये जाळी बांधून कप्पे करा. एका कप्प्याला नेहमीचं खाद्य, दुसऱ्याला बदललेलं, आणि असे कप्पे आलटून पालटून, म्हणजे वाऱ्याच्या बाजूचा फायदा एकालाच मिळणार नाही. खाद्य मोजून द्या, उरलेलं मोजून काढा, मेलेल्या पक्ष्याचं वजन त्या कप्प्याच्या हिशोबात लिहा. सातव्या, एकविसाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी वजन करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तेल, पावडर आणि टॉनिक एकदम बदललं तर श्रेय कुणाला द्यायचं आणि पैसे कशाचे वाचवायचे, दोन्ही कळणार नाही.

खाद्य कंपनीचं असेल तर

आपल्या भागात बरेच जण करारावर पक्षी वाढवतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, आपल्याला किलोमागे ग्रोइंग चार्ज. फॉर्म्युला आपल्या हातात नाही. पण ब्रूडिंग, तूस, पाणी, हवा आणि खाद्याची साठवण पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि वरच्या निम्म्या गोष्टी त्यातच येतात. उरलेल्या निम्म्यांसाठी पुरावा ठेवा. "खाद्य खराब आहे" असं फोनवर सांगून कुणी ऐकत नाही.

खाद्याची गाडी उतरतानाच पाच-सहा वेगवेगळ्या पोत्यांतून मूठमूठ खाद्य काढा, एकत्र मिसळा आणि अर्धा-अर्धा किलोच्या दोन घट्ट पिशव्या भरा. वर तारीख, बॅच नंबर, गाडीचा नंबर लिहा आणि शक्य असेल तर उतरवणाऱ्याची सही घ्या. एक पिशवी कोरड्या, गार जागी ठेवा, जमलं तर फ्रिजमध्ये. त्रास दिसला तर दुसरी तपासणीला पाठवा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुआहाराचा विभाग आहे, कुठे आणि काय तपासून घ्यावं याची विचारणा तिथे करता येईल. खाद्यासाठी ओलावा, क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, अफ्लाटॉक्सिन बी१ आणि वाळूचं प्रमाण सांगणारी आम्लात न विरघळणारी राख एवढं मागा. विष्ठेतली चरबी तपासायची असेल तर नमुना आधी आम्लात उकळून मग चरबी काढायला सांगा. साध्या पद्धतीत कॅल्शियमशी जखडलेली चरबी मोजलीच जात नाही, आणि रिपोर्टवर सगळं आलबेल दिसतं. पहिली पिशवी सेटलमेंट होईपर्यंत फेकू नका.